माणूस शिकारीला का जातो? ‘मजा येते’ या उत्तराच्या पोटात काय काय असतं

शिकारीला जाणाऱ्या माणसाला विचारा की बाबा का जातोस, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘रानात बरं वाटतं, चार मित्र असतात, मजा येते.’ यावर समोरचा लगेच म्हणतो, मग कॅमेरा घेऊन जा की, बंदूक कशाला? आणि इथेच गाडी अडते. शिकाऱ्याला याचं धड उत्तर देता येत नाही, विचारणाऱ्याला वाटतं सापडला बरोबर, म्हणजे खरं कारण मारायची हौस, बाकी सगळी सारवासारव. मी स्वतः शिकार करत नाही, पक्षी बघायला जातो, त्यामुळे कुणाची वकिली करायची गरज नाही, पण मला विचाराल तर दोघंही अर्धवट बरोबर आहेत. शिकारीमागे एक कारण नसतंच, कारणांचं गाठोडं असतं, आणि त्यातली निम्मी कारणं तीच असतात जी ट्रेकिंगवाल्याला, मासेमारीवाल्याला आणि माझ्यासारख्या दुर्बीणवाल्याला पहाटे चारला अंथरुणातून उठवतात.

हे गाठोडं सोडवायची एक सोपी पद्धत आहे. त्यातली एकेक गोष्ट मनातल्या मनात काढून घ्यायची आणि विचारायचं, आता जाशील का? सावज मिळणारच नाही असं आधीच ठरलं तर जाशील? मित्र नसतील तर? मांस घरी आणता येणार नसेल तर? घरी आल्यावर कुणाला सांगताच येणार नसेल तर? ज्या प्रश्नाला माणूस अडखळतो तिथे त्याचं खरं कारण असतं.

अभ्यासकांनीही साधारण हाच मार्ग धरलाय. अमेरिकेत कित्येक वर्षं वन्यजीव खात्यांचा हिशोब सरळ होता, किती जनावरं मारली गेली आणि लोक किती दिवस रानात गेले, संपलं. १९७४ मध्ये जॉन हेंडी नावाच्या संशोधकाने मांडलं की हे मोजमाप तोकडं आहे, माणसाला शिकारीतून एकाच वेळी अनेक प्रकारचं समाधान मिळतं, निसर्ग, सोबत, कसब दाखवणं, रोजच्या कटकटीतून सुटका, आणि रिकाम्या हाताने परत आलेला माणूसही खूश असू शकतो. आज हे ऐकायला अगदी साधं वाटतं पण तेव्हा खात्यांची सगळी गणितं मेलेल्या जनावरांच्या आकड्यावर चालायची.

मग आला स्टीफन केलर्ट. त्याने १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लोकांचा प्राण्यांबद्दलचा दृष्टिकोन अभ्यासला आणि शिकाऱ्यांचे ढोबळ तीन गट पाडले. मांसासाठी जाणारे, साधारण ४४ टक्के. खेळ म्हणून, स्पर्धा म्हणून, जनावरावर मात करायची म्हणून जाणारे, साधारण ३८ टक्के. आणि निसर्गाशी जवळीक हवी म्हणून जाणारे, १७ टक्क्यांच्या आसपास. यातली मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट टक्केवारी नाही, ती ही की प्राण्यांबद्दलच्या माहितीच्या प्रश्नांमध्ये निसर्गवाले शिकारी खूप वर होते आणि खेळवाले बरेच खाली. म्हणजे ‘आम्ही शिकारी रान जाणतो’ हे वाक्य सरसकट खरं नाही, कोण बोलतोय त्यावर आहे.

पुढे १९८९ मध्ये डॅनियल डेकर आणि नॅन्सी कॉनेली यांनी हरणांच्या शिकारीवर काम करताना आणखी सुटसुटीत मांडणी केली. एक म्हणजे सोबतीसाठी जाणारे, दुसरे काहीतरी मिळवून दाखवायला जाणारे, तिसरे नुसता अनुभव घ्यायला जाणारे. मला ही विभागणी जास्त आवडते कारण ती सगळ्यांना लागू होते. पक्षीनिरीक्षकांत बघा, एक जण कंपनीसाठी येतो आणि पूर्ण वेळ गप्पा मारतो (त्यामुळे पक्षी उडून जातात तो भाग वेगळा), दुसरा यादीत नवीन नाव चढलं नाही तर तोंड पाडून बसतो, तिसरा एकाच झाडाखाली दोन तास बसतो आणि समाधानाने घरी जातो. आणि माणूस कायमचा एकाच खणात बसत नाही, तोच माणूस भावासोबत गेला की पहिल्या गटात आणि एकटा गेला की तिसऱ्यात.

आता जरा आतल्या यंत्रणेकडे बघू, कारण ‘मजा येते’ म्हणजे नेमकं काय होतं हे समजलं की बरंच कोडं सुटतं.

शिकारीतला बहुतेक वेळ काहीच घडत नाही. दबा धरून बसायचं, पाय अवघडतात, नाक खाजतं, हलायचं नाही कारण हरणाला बारीकसारीक रंग दिसले नाहीत तरी हालचाल पटकन दिसते. म्हणूनच कित्येक ठिकाणी शिकारी एकमेकांना दिसावेत म्हणून भडक केशरी जॅकेट घालतात आणि हरणाला त्याचं काही वाटत नाही, लाल आणि हिरव्यातला फरक त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. पण वारा फिरला आणि माणसाचा वास तिकडे गेला की खेळ खल्लास. तर तासन्‌तास हे चालतं आणि मग कुठेतरी सुकलेलं पान वाजतं, आणि छातीत धडधडायला लागतं. बहुतेक वेळा ती खार असते. पण त्या दोन सेकंदांत अंगातून जे सळसळत जातं ते खोटं नसतं.

ते काय असतं? वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदू शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी नुसतं बक्षीस मिळालं म्हणून पेटत नाहीत, त्या पेटतात अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की. आणि बक्षिसाची आधी सूचना मिळायला लागली की त्या सूचनेलाच पेटायला लागतात. म्हणजे रानातलं वाजलेलं पान हीच सूचना, मेंदूची दिवाळी तिथेच सुरू होते, सावज दिसायच्याही आधी. त्यात हे बक्षीस कधी मिळेल याचा काही नेम नाही, आणि असं अनियमित मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट लावतं हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने कबुतरं आणि उंदरांवर दाखवून कैक वर्षं झाली. जुगाराचं मशीन याच तत्त्वावर माणसाला खुर्चीला चिकटवून ठेवतं. प्रत्येक वेळी सावज हमखास मिळालं असतं तर शिकार म्हणजे नुसतं काम होऊन बसलं असतं आणि लोक कंटाळले असते. कुंपणाच्या आत पाळलेली जनावरं सोडून त्यांची ‘शिकार’ करायला देणारे धंदे काही देशांत आहेत, त्यांना खुद्द बरेच शिकारीच नाक मुरडतात, त्याचं एक कारण हेच. निकाल आधीच ठरलेला असेल तर उरलं काय?

पण नुसत्या डोपामिनवर सगळं ढकलायचं म्हणजे अन्याय होईल, कारण दुसरी गोष्ट तितकीच मोठी आहे, लक्ष. आपण दिवसभर जे लक्ष वापरतो ते ओढूनताणून लावलेलं असतं, मेल, ट्रॅफिक, मीटिंग, आणि ते थकतं. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याने १९८० च्या दशकात मांडलं की निसर्गात लक्ष आपोआप ओढलं जातं, जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष पुन्हा ताजं होतं. वाहतं पाणी, हलणारी पानं, ढग, ही त्यातली सौम्य बाजू. माग काढणं हे त्याहून एक पायरी वर.

मातीत उमटलेला हरणाचा खूर बघा. दोन पाकळ्यांसारखे भाग, टोकं ज्या बाजूला निमुळती ती जाण्याची दिशा. चालत असेल तर दोन्ही भाग जवळ जवळ, पळालं असेल तर फाकलेले, आणि चिखल मऊ असेल किंवा उडी जोरात असेल तर मागे दोन छोटे ठिपकेही उमटतात, ती खुरांच्या वरची छोटी नखं. कडा धारदार असेल तर ठसा ताजा, कडेची माती ढासळून आत पडली असेल तर जुना. ठशाच्या आत दवाचे थेंब तसेच बसलेले असतील तर जनावर दव पडायच्या आधी गेलं, आजूबाजूच्या गवतावर दव आहे आणि ठशाच्या रेषेतल्या गवतावरचं पुसलं गेलंय तर ते नुकतंच गेलं. आता हे सगळं वाचताना माणूस ऑफिसचं टेन्शन घेऊन बसूच शकत नाही, डोक्यात जागाच राहत नाही. लुई लीबनबर्ग हा दक्षिण आफ्रिकेतला संशोधक कलहारी वाळवंटातल्या माग काढणाऱ्या लोकांसोबत वर्षानुवर्षं फिरला आणि त्याचं म्हणणं असं की खुणांवरून अंदाज बांधायचा, तो पुढच्या खुणेवर तपासायचा, चुकला तर सोडून द्यायचा, ही विचार करायची पद्धत म्हणजे विज्ञानाचंच मूळ असू शकतं. सिद्ध करणं अवघड आहे, पण एकदा माग काढून बघा, पटायला लागतं.

निसर्गात बरं वाटतं याचे पुरावे शिकारीच्या बाहेरही भरपूर आहेत. १९८४ मध्ये रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे जुने कागद तपासले, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी जवळपास पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. पेशंटच्या २३ जोड्या होत्या म्हणजे अभ्यास छोटाच, पण त्याने दार उघडलं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा जास्त निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असं जास्त प्रमाणात सांगतात. मात्र ज्यांची तब्येत बरी तेच लोक बाहेर जास्त जाऊ शकतात हेही खरं, त्यामुळे १२० मिनिटं म्हणजे गोळीचा डोस असं कुणी समजू नये.

तर इथपर्यंतचं सगळं बंदुकीशिवाय मिळतं. पुढे जरा गुंतागुंत आहे.

सोबत घ्या. बरेच शिकारी घरातल्याच कुणाकडून शिकतात, बाप, आजोबा, काका. त्यामुळे त्यांच्यासाठी शिकार म्हणजे त्या माणसासोबत घालवलेला वेळ असतो, रात्री शेकोटीभोवती तेच तेच किस्से, कुणाचा नेम कसा चुकला, कोण कसा झोपला आणि सावज समोरून निघून गेलं. यातला एखादा म्हातारा गेला की काही जण नंतर रानात जाणंच सोडतात. अशा माणसाला ‘कॅमेरा घेऊन जा’ सांगणं म्हणजे त्याचा मुद्दाच न कळणं, त्याला हत्यार बदलून काय करायचंय, त्याला ती माणसं हवीत.

आणि सोबत म्हटलं की मागोमाग मान येतो. टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात हाड्झा लोक राहतात, त्यातले काही आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी तिथे नोंदी ठेवल्या तेव्हा दिसलं की मोठ्या जनावराच्या मागे जाणाऱ्या पुरुषाला साधारण ३० दिवसांतून एकदा यश येतं. आणि मिळालेलं मांस सगळ्या वस्तीत वाटलं जातं, मारणाऱ्याच्या घरात फार काही जास्त राहत नाही. मग घरच्यांचं पोट भरायचं असेल तर छोटी छोटी जनावरं धरणं परवडलं असतं ना? हॉक्स यांचं म्हणणं, मोठी शिकार ही बऱ्याच अंशी दाखवण्यासाठी असते, चांगला शिकारी म्हणून नाव होतं आणि त्या नावाचा फायदा होतो. यावर मानववंशशास्त्रज्ञांत भरपूर भांडणं आहेत, काही जण म्हणतात वाटलेलं मांस उद्या परत येतंच, तो विमा आहे. गंमत म्हणजे कलहारीतल्या जुह्वांसी लोकांत उलटंच, मोठं जनावर मारून आणलं की बाकीचे त्याला नावं ठेवतात, काय हे हाडांचं गाठोडं आणलंस, यासाठी आम्हाला एवढं चालवलंस? रिचर्ड ली यांनी हे नोंदवलंय, आणि हेतू असा की शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. आता हवा जायची भीती आहे म्हणजे हवा जात असणार, सरळ आहे.

आजच्या काळात हीच हवा ट्रॉफीच्या रूपात दिसते, भिंतीवरची शिंगं आणि मेलेल्या जनावराशेजारी हसत काढलेला फोटो. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला आणि जगभर आग लागली. मला वाटतं लोकांना संताप मारण्याचा आला त्याहून जास्त कारणाचा आला. अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत वारंवार दिसतं की मांसासाठी शिकार म्हटलं की बहुसंख्य लोक हो म्हणतात आणि ट्रॉफीसाठी म्हटलं की पाठिंबा धपकन खाली येतो. जनावर दोन्हीकडे मरतंच. म्हणजे हेतू ही फक्त शिकाऱ्याच्या मनातली खाजगी गोष्ट नाही, समाज त्यावरूनच निकाल देतो.

मांसाचं कारण म्हणाल तर ते मध्यंतरी मागे पडलं होतं आणि परत वर आलं. अमेरिकेत ‘तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कारण कोणतं’ या प्रश्नाला मांस म्हणणारे शिकारी २००६ मध्ये २२ टक्के होते, २०१३ मध्ये ३५ टक्के. मधे आर्थिक मंदी येऊन गेली आणि आपलं अन्न कुठून येतं याची उत्सुकताही वाढली. नवीन शिकाऱ्यांत असे लोक आहेत ज्यांच्या घरात कुणी कधी बंदूक धरली नाही, पण त्यांचं म्हणणं असं की पॅकबंद मांस खायचं आणि मारणाऱ्याला नावं ठेवायची यापेक्षा एकदा स्वतः करून बघतो, झेपलं तर खातो नाहीतर सोडतो. या युक्तिवादाचा मला आदर वाटतो, निदान त्यात पळवाट नाही.

वयाप्रमाणेही हे बदलत जातं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन यांनी १९७० च्या दशकात हजाराहून जास्त शिकाऱ्यांशी बोलून पाच टप्पे मांडले. आधी नुसता बार काढायची घाई, मग परवानगी आहे तितकी जनावरं पुरी करायची, मग मोठ्यात मोठं हवं, मग पद्धत महत्त्वाची होते, म्हणजे रायफल सोडून धनुष्य घ्यायचं, मुद्दाम अवघड करायचं, आणि शेवटी रानात असणं हेच पुरेसं होतं. प्रत्येक जण याच क्रमाने जातो असं अजिबात नाही, साठीतही पहिल्याच टप्प्यावर अडकलेले असतात. पण पद्धतीचा टप्पा विचार करण्यासारखा आहे. मारणं हेच ध्येय असतं तर कुणी स्वतःचं काम अवघड का करून घेईल?

आता तो कॅमेऱ्याचा प्रश्न. वन्यजीव फोटोग्राफरलाही वारा बघावा लागतो, लपणात बसावं लागतं, माग कळावा लागतो, धडधड त्यालाही होते, फोटो भिंतीवर तोही लावतो. मासे धरून परत सोडणारे तर जवळपास सगळंच करतात. तरी एक गोष्ट उरते. शिकाऱ्याने चाप ओढला की ते परत घेता येत नाही, आणि फोटो हुकला तर फोटोच जातो, नेम हुकला तर जखमी जनावर झुडपात जातं आणि त्याच्या मागे जाऊन काम पुरं करायची जबाबदारी राहते. अनेक शिकारी सांगतात की जनावर पडल्यावर आनंद आणि वाईट वाटणं एकदमच येतं. काहींना नेमका हाच भार हवा असतो, आपण निसर्ग बघणारे पाहुणे नाही, त्या साखळीतलाच एक दुवा आहोत असं त्यांना वाटतं. काहींना तो कधीच जाणवत नाही, त्यांच्यापासून जरा लांबच राहावं असं माझं मत. आणि काहींना एके दिवशी तो झेपेनासा होतो आणि ते बंदूक ठेवून देतात, रानात मात्र जातच राहतात.

कायद्याने दार बंद झालं की काय उरतं हेही बघण्यासारखं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, केनियात १९७७ मध्ये, कोस्टा रिकात खेळाच्या शिकारीवर २०१२ मध्ये बंदी आली, अपवाद आणि तपशील वेगवेगळे. बंदीने ती ओढ नाहीशी होत नाही, वाट बदलते, सफारी, पक्षी, मागकाम, मासेमारी. १९७४ मध्येच हेंडी आणि रेबेल बर्ज यांनी पर्यायाचा प्रश्न मांडला होता, एका छंदाच्या जागी दुसरा कधी चालतो? दोन्हींतून तेच समाधान मिळत असेल तर चालतो, बाहेरून दोन्ही सारखे दिसतात का याच्याशी संबंध नाही. म्हणून शेकोटीसाठी जाणाऱ्याला मित्रांसोबतचा कॅम्प पुरतो आणि मोठ्या शिंगांच्या मागे असणाऱ्याला दुर्मिळ पक्ष्यांची यादी कदाचित जास्त मानवेल.

हे सगळं मनोरंजक आहे पण उपयोग काय असं वाटत असेल तर विस्कॉन्सिनचंच उदाहरण घ्या. तिथे हरणं फार झाली होती. नर कितीही मारले तरी संख्या फारशी घटत नाही कारण उरलेले थोडे नर सगळ्या माद्यांना पुरतात, त्यामुळे माद्या मारणं गरजेचं होतं. पण शिंगांसाठी आलेला माणूस मादीवर गोळी घालवायला तयार नसतो. मग १९९० च्या दशकात खात्याने काही भागांत नियम काढला, आधी मादी मारा, मग नर मारायची मुभा. संख्या कमी करायला नियम चांगला चालला. पण समोरून आयुष्यभर वाट बघितलेला शिंगांचा नर चाललाय आणि मादी मिळाली नाही म्हणून हात बांधलेले, हे शिकाऱ्यांना सहन होईना, कारण ते ज्यासाठी आले होते तेच काढून घेतलं होतं. तक्रारी वाढत गेल्या आणि २०११ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तो नियम काढून टाकला.